ट्रान्सफॉर्मर साहेब

साहेबांनी कुठलंही काम पुरं केलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते कामाचा प्रवास करत. "हा मुक्काम नाही, हा प्रवास आहे," हे त्यांचं वाक्य आमच्या कारखान्यातल्या वॉचमनलाही पाठ होतं. ते म्हणताना साहेब दोन्ही तळवे समोर असे धरत, की जणू मध्ये एक कलिंगड आहे आणि ते कापायचं की नाही हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे. कलिंगड कधी कापलं गेलं नाही. प्रवास मात्र झाला. त्यात वाटेत उतरवून दिलेला पहिला माणूस म्हणजे आमचे आबा. साहेब स्वतः पुढच्या थांब्यावर दुसऱ्या, मोठ्या गाडीत बसून निघून गेले.

हे मी प्रेमानं लिहितो आहे असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्यावं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. साहेब गेलेले नाहीत, लोणावळ्यात ठणठणीत आहेत, तेव्हा ती अडचण मला नाही.

आमचा कारखाना तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत, नवलाख उंबरे गावाच्या अंगाला. मोटारींच्या दारांचे पत्रे दाबून काढणं हे आमचं काम, आणि ते दाबणारी यंत्रं चालू ठेवणं हे माझं. एके दिवशी फळ्यावर नोटीस लागली की पुढच्या सोमवारी 'डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन' येत आहे. प्रमुख, रुजू वगैरे शब्द खालच्या ओळीत होते आणि तिथवर कुणी गेलं नाही. आमचा इलेक्ट्रिशियन सोपान याला एवढंच कळलं की जुना ट्रान्सफॉर्मर बदलणार. त्यानं मागच्या आवारातला ओटा धुऊन काढला, चुना मारला आणि सोमवारी सकाळी हार-नारळ घेऊन उभा राहिला. गाडीतून उतरले ते पांढरे बूट घातलेले साहेब. नारळ वाया जाऊ नये म्हणून सोपाननं तो साहेबांच्याच गाडीपुढे फोडला. साहेब सद्गदित झाले. तळागाळातून असं स्वागत आपलं कुठंच झालं नाही, असं त्यांनी दुपारच्या आत फोटोसकट जगाला कळवलं.

नाव तिथंच पडलं. सोपान म्हणे, काय चुकलं, ट्रान्सफॉर्मरपण गुणगुणतो, तापतो आणि त्याच्याभोवती कुंपण असतं.

साहेबांची कारकीर्द मोठी होती आणि ती ते स्वतःच सांगत. त्यांनी आधी एक बँक ट्रान्सफॉर्म केली होती, मग विमा, मग साबण. साबणाचं नेमकं काय केलं हे मी एकदा विचारलं. तो पूर्वीही फेस करत असणार, अशी माझी समजूत होती. साहेब म्हणाले की साबण हा प्रश्नच नव्हता, साबणाकडे बघण्याची दृष्टी हा प्रश्न होता. कुठल्याच ठिकाणी ते तीन वर्षांवर राहिले नव्हते. चौथ्या वर्षी दृष्टीचे परिणाम दिसू लागतात, असा माझा अंदाज आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुमची झोप उडवणारी एक गोष्ट सांगा." मी म्हणालो, डास. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचं हे लिहून घेणं मात्र खरं होतं. सोपानच्या मुलीची दहावी, कँटीनच्या मावशींचा गुडघा, सगळं ते लिहून ठेवत आणि महिन्यानं आठवणीनं विचारत. रजेसाठी पूर्वी आमची माणसं टाइम ऑफिसच्या खिडकीपुढे टोपी काढून उभी राहत. साहेबांनी ती रजा फोनवर आणली आणि खिडकी बंद केली. हे एक काम त्यांनी पुरं केलं, हे मी मान्य करतो. सूड घ्यायचा तर हिशेब चोख असावा.

त्यांचं मराठी रविवारचं होतं. जन्म पुण्यातला, पण आठवडाभर इंग्रजीत राहायचं आणि सुट्टीला मराठीत उतरायचं, असा प्रकार. त्यामुळे शब्द त्यांना माहीत असत, पण सुट्टीच्या कपड्यांतले. कामाच्या कपड्यांतला शब्द समोर आला की ते त्याला ओळखत नसत. पुढं जे झालं ते यातूनच झालं.

आता आबा. आबा आमच्याकडे ग्रीसर होते, म्हणजे यंत्रांना तेल-ग्रीस घालणारे. राहणारे नवलाख उंबऱ्याचे. कारखान्याची जागा पूर्वी त्यांच्या भावकीची भातखाचरं होती आणि जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी या बोलीवर ते आत आले. सगळ्यांत मोठा प्रेस जिथं उभा आहे तिथं त्यांचं थोरलं खाचर होतं, म्हणून त्या प्रेसचं नाव थोरली. कंपनीच्या कागदात तिचा लांबलचक नंबर होता, पण तो म्हणायला कुणाला वेळ नसे.

आबांच्या खिशात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर असे. त्याचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मग ते निदान सांगत. थोरली खोकतीय. थोरली दात खातीय. थोरली कन्हतीय, तिच्या डाव्या खांद्यात बघा. मी पुण्याच्या चांगल्या कॉलेजातून डिप्लोमा घेऊन आलेलो. पहिलं वर्षभर मी हसलो आणि दुसऱ्या वर्षापासून वही घेऊन त्यांच्या मागं हिंडलो.

त्यांच्या शब्दांत सगळ्यांत वाईट शब्द होता 'निवांत'. थोरलीच्या पाठीवर तेलाचा एक छोटा पंप आहे. सांध्यासांध्याला तेल पोचवताना तो टकटक करत राहतो. त्याला दिवा नाही की घंटा नाही. तो बंद पडला की टकटक थांबते आणि थोडा वेळ थोरली उलट जास्तच गोड चालल्यासारखी वाटते. मग बेअरिंग कोरडं पडतं, धरतं, म्हणजे जागीच घट्ट अडकतं, आणि आठवडाभर काम बंद. हे मला समजावताना आबा म्हणाले होते, "थोरली निवांत झाली का पळायचं, भाऊ. घरात पोरं गप झाली की आई कशी हातातलं टाकून पळती? कायतरी खोडी काढली असणार म्हणून. तसंच हाये हे."

साहेबांना आबांचा शोध लागला तेव्हा त्यांना सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. यंत्रांच्या अंगाला आवाज टिपणारे सेन्सर लावायचे आणि बिघाड होण्याआधीच पडद्यावर कळवायचं, अशी त्यांची योजना होती. तिचं नाव श्रुती. पण कुठला आवाज कशाचा, हे श्रुतीला कुणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ते साऱ्या कारखान्यात एकाच माणसाच्या कानात होतं. "आबा, तुमचे कान मला हवेत," असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. आबांनी चटकन दोन्ही कानांना हात लावला, ते नम्रपणे की काळजीनं, कळलं नाही.

तीन महिने इंदूरहून आलेली एक हुशार मुलगी आबांच्या मागं फिरली. आबा आवाज ऐकून शब्द सांगत, ती तो आवाजाशेजारी टिपून घेई. पुढच्या रकान्यात अर्थ लिहायचा होता. तिचं मराठी कच्चं, म्हणून अडलं की ती साहेबांना विचारी. 'निवांत'पाशी ती अडली तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो. साहेबांनी मान वरही केली नाही. "निवांत? रिलॅक्स्ड. म्हणजे उत्तम. मी लोणावळ्याला जातो तो निवांत व्हायलाच." मुलीनं लिहिलं, उत्तम. रंग हिरवा.

कुणालाही वाटेल की मी तिथंच सांगायला हवं होतं. मी सांगायला गेलो होतो. त्या आठवड्याच्या बैठकीत हात वर करून मी म्हणालो की ही शब्दांची यादी एकदा आबांना वाचून दाखवू या. साहेबांनी कलिंगड धरलं आणि हसून सांगितलं, "छान मुद्दा आहे. आपण तो पार्किंगमध्ये ठेवू."

पार्किंग ही साहेबांची व्यवस्था होती. पांढऱ्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन काढलेला असे. बैठकीत कुणी अवघड काही विचारलं की ते त्यात लिहायचं, म्हणजे विचारणाऱ्याचा मान राहतो आणि बैठक पुढं जाते. लोणावळ्याला रविवारच्या गर्दीतसुद्धा पार्किंगमधली गाडी केव्हातरी बाहेर निघते. साहेबांच्या पार्किंगमधला मुद्दा बाहेर निघालेला मी पाहिला नाही. तिथं माझे एकट्याचे नऊ होते. झाडणाऱ्या बाई दर शनिवारी फळा पुसत आणि माझे मुद्दे सुटत.

तरी मी पुन्हा गेलो असतो. पण त्याच आठवड्यात आबांना पत्र आलं. स्वेच्छानिवृत्तीचं होतं. इच्छा कंपनीची होती. श्रुती शिकून तयार झाली होती, आता शिकवणाऱ्याचं काम उरलं नव्हतं. आबांची नोकरीची दोन वर्षं शिल्लक होती. ती पुरी करून, थोरलीचा मोठा ओव्हरहॉल आपल्या हातानं करून मग घरी बसायचं, हे त्यांनी मला चहावर कितीतरी वेळा सांगितलं होतं. दुसरी काही मागणी त्या माणसानं कधी केलेली मला आठवत नाही.

पत्र द्यायला साहेब स्वतः आले, हेही मान्य. पंख्याखाली उभे राहून त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुम्ही कुठंही जात नाही आहात. तुम्ही आता क्लाउडमध्ये आहात. कायमचे."

आबांनी मला क्लाउडचा अर्थ विचारला. ढग, मी सांगितलं. ते पत्र्याच्या छपराकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजी मेलो का काय मी?"

साहेब मोकळेपणानं हसले. आबांची विनोदबुद्धी त्यांना फार आवडत असे. ते हसले आणि मी ठरवलं की 'निवांत'चा अर्थ आता यांना सांगायचा नाही. मोठी माणसं सुडासाठी राज्य पालथं घालतात. माझ्याकडे एक शब्द होता, तो मी राखून ठेवला.

पंधरा दिवसांनी परदेशी पाहुणे यायचे होते. त्यांना श्रुती पसंत पडली तर ती त्यांच्या सगळ्या कारखान्यांत जाणार होती, आणि तिच्यामागून साहेबही. आवारात कुंड्या आल्या. थोरलीला रंग दिला. तिच्यासमोर दाराएवढा पडदा लावला. चालू यंत्र हिरवं, आजारी यंत्र लाल. आमची माणसं एव्हाना श्रुतीला घरातलीच समजू लागली होती. सकाळी आल्यावर विचारत, "आज श्रुतीबाईंनी कुठली साडी नेसलीय?" आबांचे नोटिशीचे शेवटचे दिवस चालू होते. पाहुण्यांना काही जुनं दिसू नये म्हणून त्या दिवशी त्यांना कँटीनमध्ये बसून राहायला सांगण्यात आलं.

साहेब पाहुण्यांपुढे बोलत होते. श्रुतीबाई नखशिखांत हिरव्या होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की टकटक थांबली आहे.

थोरली सुरेख चालत होती. मी घड्याळाकडे पाहिलं. अर्धा तास, फार तर पाऊण. कुणाला इजा होणार नव्हती, ती नुसती जागच्या जागी धरणार होती, पडदा हिरवा असताना, पाहुण्यांसमोर. मी हाताची घडी घातली. इतक्या वर्षांच्या नोकरीत यंत्र बिघडण्याची वाट मी पहिल्यांदा पाहत होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

साहेब 'मुक्काम नाही'पर्यंत आले होते, तेवढ्यात कँटीनच्या दारातून आबा आले. पळत नव्हते, पण वाटेत कोण आहे ते बघतही नव्हते. पाहुण्यांच्या मधून थेट थोरलीपाशी गेले आणि लाल बटण दाबून तिला थांबवलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी पंपावर दोनदा हलकेच टकटक केलं. झोपलेल्याला उठवतात तसं.

साहेबांचा चेहरा पडद्यापेक्षा लवकर लाल झाला. पण ते साहेब होते. कुणा पाहुण्यानं काय झालं असं विचारलं, इंदूरच्या मुलीनं धावत येऊन पंप बंद असल्याचं सांगितलं, आणि तेवढ्या वेळात साहेबांचे तळवे पुन्हा समोर आले. ते म्हणाले की हेच दाखवायचं होतं. यंत्र आणि माणूस, दोघं मिळून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांबरोबर साहेबांचा फोटो निघाला. आबांना स्क्रूड्रायव्हर जरा उंच धरायला सांगण्यात आलं.

मी आबांना बाजूला घेऊन विचारलं की हे कशाला केलंत. माझा सगळा बेत त्यांना तिथंच सांगून टाकला. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला पुन्हा पहिल्या वर्षाचा डिप्लोमावाला झाल्यासारखं वाटलं.

"थोरलीनं काय घोडं मारलं व्हतं आपलं, भाऊ?" ते म्हणाले. "राग माणसावर काढावा. मशीनवर न्हाई."

पत्र मागं घ्या, असं मी साहेबांना सांगायला गेलो. प्रक्रिया सुरू झाली आहे, असं उत्तर मिळालं. आबा ठरल्या शुक्रवारी गेले. गेटवर वॉचमननं पिशवी तपासली आणि स्क्रूड्रायव्हर कंपनीचा माल म्हणून बाजूला ठेवला. मी सही करून तो सोडवला. हा कंपनीपेक्षा जुना आहे, असं मी गेटपासवर लिहिलं.

इंदूरच्या मुलीनं आबांच्या घरी जाऊन सगळे अर्थ नीट विचारून घेतले आणि यादी गुपचूप दुरुस्त केली. नेमका कुठला शब्द चुकला होता हे साहेबांनी अखेरपर्यंत विचारलं नाही. चूक दुरुस्त झाली की त्यांच्या लेखी तिचं 'लर्निंग' होई, आणि लर्निंगचे तपशील खालच्या माणसांनी सांभाळायचे असत. सहा महिन्यांत ते त्या पाहुण्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेले. निरोपाला ढगाच्या आकाराचा केक होता. तो मात्र कापला.

त्यानंतर साहेब मला दिसत ते फोनच्या पडद्यावर. कुठल्या ना कुठल्या मंचावर, हातात तेच कलिंगड. मग एके दिवशी कळलं की त्या कंपनीनं स्वतःच्या प्रवासात साहेबांचंच पद गाळलं. साहेबांनी ते असं जाहीर केलं, की आता मी देण्याच्या टप्प्यावर आलो आहे. लोणावळ्याच्या बंगल्यावर ते तरुण मॅनेजरांसाठी दोन-दोन दिवसांची शिबिरं भरवू लागले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मला फोन आला. बागेत एक धबधबा करून घेतला होता. लोणावळ्याला पावसाळ्यात लोक धबधबे बघायला येतात आणि गाडीत बसून एकमेकांची मागची चाकं बघून परत जातात. साहेबांनी उरलेल्या आठ महिन्यांची सोय केली होती. पंप इटलीचा होता आणि फोनवर त्याची तब्येत दिसत असे. तब्येत हिरवी होती. स्थानिक फिटर येऊन फोन बघून गेला होता. "पण आवाज बदललाय हो," साहेब म्हणाले. "मला ऐकू येतं. तुमचे ते आबा येतील का?"

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही ऐकलं होतं. मी जरा पाघळलो.

आबा यायला तयार झाले याचं मला नवल वाटलं. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही लोणावळ्याला पोचलो. फाटकावर पितळी अक्षरांत बंगल्याचं नाव होतं, 'निवांत'. आबांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेले.

साहेब थकले होते. एकटेच होते. चहा त्यांनी स्वतः केला आणि साखर विसरले. सोपानच्या मुलीचं विचारलं, कँटीनच्या मावशींचा गुडघा विचारला. हा माणूस इतका काही वाईट नव्हता, असं माझ्या मनात येऊ लागलं. तेवढ्यात साहेब आबांना म्हणाले, "या, तुम्हाला एक गंमत दाखवतो," आणि आम्हाला दिवाणखान्यात घेऊन गेले.

भिंतीवर तो फोटो होता, मोठा करून चौकटीत बसवलेला. थोरली होती, हिरवा पडदा होता, हसणारे साहेब होते. चौकटीत बसावा म्हणून डावी बाजू कापलेली होती. तिथून मनगटापर्यंतचा एक हात आत आला होता आणि त्यात लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता.

आबा फोटोच्या जवळ गेले. "हात माझाच हाय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पंप कुटं?"

पंप बागेच्या कोपऱ्यात होता. आबा खाली बसले, टोक लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग स्विचच्या पेटीत हात घालून काहीतरी दाबून पाहिलं. पंप थांबला, पुन्हा सुरू झाला. परत कान लावला. साहेब माझ्या शेजारी श्वास रोखून उभे होते.

आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "निवांत चाललाय, सायेब," ते म्हणाले. "एकदम निवांत."

साहेबांचा चेहरा उजळला. मी म्हणतच होतो, फोन उगाच हिरवा दाखवणार नाही, असं ते म्हणाले. आबांना त्यांनी शिबिराचा एक टी-शर्ट दिला. छातीवर 'प्रवास' लिहिलं होतं. मला शनिवारच्या शिबिराचं निमंत्रण दिलं. श्रुतीची गोष्ट ते सांगणार होते आणि त्या गोष्टीचा एक साक्षीदार समोर बसलेला त्यांना हवा होता.

कामशेतला आम्ही चहाला थांबलो. मग विचारलं.

"गाळणी पाल्यानं चोंदलीय," आबा म्हणाले. "पानी ओढंना, म्हणून हलका झालाय. दोन-चार दिसांत तापून आपोआप बंद व्हईल."

म्हणजे पंप जळणार, मी म्हणालो. मशीनवर राग काढायचा नाही असं तुम्हीच सांगितलं होतं.

"न्हाई जळायचा. तापला की बंद करनारी ट्रिप हाये त्याला. ती चालती का न्हाई ते दाबून बघितलं की मी. पाला काढला की व्हतोय पहिल्यासारखा."

"मग त्यांना सांगायचं होतं, आबा."

आबांनी बशीत चहा ओतला. "सांगितलं की. निवांत म्हनलो."

"त्यांना त्याचा अर्थ कुठं माहीत आहे?"

"त्यांनीच लिवलाय त्यो," आबा म्हणाले.

शनिवारी मी गेलो. मागच्या ओळीत बसलो. बागेत वीस-पंचवीस तरुण माणसं, सगळ्यांच्या छातीवर प्रवास. मागं धबधबा, जरासा बारीक झालेला, पण चालू. साहेब रंगात आले होते. बँक झाली, विमा झाला, साबण झाला. श्रुती आली. निरक्षर म्हाताऱ्याच्या कानातलं ज्ञान आपण जगापुढं कसं आणलं ते सांगून झालं. आबा सातवी शिकलेत. साहेबांनी तळवे समोर धरले. "म्हणून लक्षात ठेवा," ते म्हणाले, "हा मुक्काम नाही..."

धबधबा थांबला.

पाणी चालू असताना त्याचा आवाज इतका होता हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आता लांबून महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. दगडांवरून शेवटचं पाणी ठिबकलं. सगळे मागं बघू लागले. साहेब कलिंगड तसंच धरून उभे राहिले. मग त्यांनी फोन काढून पाहिला आणि पहिल्या ओळीत बसलेल्या एका मुलीलाही तो दाखवला. फोन हिरवा होता.

त्यांची नजर ओळीओळींतून मागं येत माझ्यापाशी थांबली. "हे काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. उत्तर माझ्याकडे होतं. पाच मिनिटांचं काम होतं, मूठभर पाला.

मी उभा राहिलो. "छान मुद्दा आहे, साहेब," मी म्हणालो. "आपण तो पार्किंगमध्ये ठेवू."

ती पोरं हसली. त्यांच्याही कचेऱ्यांत तसला चौकोन असणार.

रविवारी नवलाख उंबऱ्याला जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. साहेबांचं कलिंगड मी जमेल तेवढं हुबेहूब करून दाखवलं. आबा ओसरीवर विळ्याला धार लावत होते. अंगात तो टी-शर्ट होता, कोपराशी ग्रीस लागलेला. त्यांनी मध्ये एकदाही हसून दाखवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पंप ट्रिपवर थांबला का, वास-बीस आला नाही ना.

नाही आला, मी म्हणालो. उद्या फिटर येऊन पाला काढणार आहे, त्याला मीच फोन केलाय.

आबांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"मग निवांत," ते म्हणाले.